मूळ गाडी नावाची दंतकथा

१/
धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. विषय एका मोटारसायकलीचा आहे. इतिहासाच्या धाग्यांत मोटारसायकल कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर वाचता वाचता मिळेल अशी आशा आहे. गाडी म्हणजे कावासाकीची केएलआर ६५०. तिच्या नव्या रूपांविषयी २००८ पासून जो वाद धुमसतो आहे त्यात दोन्ही पक्ष चुकीची साधने हाती घेऊन भांडत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/
वाद असा. एक पक्ष म्हणतो की १९८७ची गाडी तीच खरी. साधी, प्रामाणिक, रस्त्याच्या कडेला उघडून बसता येईल अशी. २००८ मध्ये कंपनीने तिला जाड केले आणि २०२२ मध्ये फ्युएल इंजेक्शन बसवून तिचा आत्माच काढून घेतला. दुसरा पक्ष म्हणतो की जुनी गाडी म्हणजे दोषांचे गाठोडे. कंपनीने ती टप्प्याटप्प्याने सुधारली. कुरकुरणारे लोक केवळ गतकाळात रमलेले आहेत.

३/
हा सूर आपल्या ओळखीचा आहे. बुलेटचा गिअर उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे गेला तेव्हा हेच ऐकू आले. रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ बंद होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची ४५० आली तेव्हाही हेच ऐकू आले. केएलआर आपल्या रस्त्यांवर दिसत नाही. ती मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातील लोकांची गाडी. पण वादाची चाळीस वर्षांची कागदपत्रे जिथे उपलब्ध आहेत तिथेच तो नीट तपासता येतो, म्हणून हे उदाहरण घेतले.

४/
थोडी पूर्वपीठिका. ज्या गाडीवर आठवडाभर कामाला जाता येते आणि डांबर संपल्यावर तीच गाडी कच्च्या वाटेवर घालता येते, ती ड्युअल-स्पोर्ट. यामाहाच्या १९६८च्या डीटी-१ या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीने अमेरिकेत या प्रकाराला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यावर यामाहाचीच एक्सटी ५०० आली आणि १९७९ मध्ये संपलेल्या पहिल्या पॅरिस-डाकार शर्यतीत सिरिल नेव्हू याने तिच्यावर विजय मिळवला. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली. त्या दोन अक्षरांचा अर्थच मुळी ‘रानवाट आणि रस्ता’ असा. या रांगेत १९८४ साली केएलआर ६०० आणि १९८७ साली तिची थोरली बहीण केएलआर ६५० येऊन उभी राहिली.

५/
आता पहिल्या पक्षाचे ‘साधी’ हे विशेषण तपासू.

एक्सटी ५०० हवेने थंड होणारी, किक मारून सुरू करायची, दोन व्हॉल्व्हची गाडी होती. तिच्या शेजारी केएलआर ६०० ठेवा. रेडिएटर, पाणी, पंप, सिलिंडरच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह. पहिल्या वर्षी किक होती, दुसऱ्या वर्षी बटण आले. केएलआर ६५० तर पहिल्यापासून बटणाचीच. म्हणजे आपल्या जन्मकाळी ही गाडी आपल्या वर्गातली गुंतागुंतीची, आधुनिक गाडी होती. तिला साधेपणाचा मान मिळाला तो तिच्यानंतर आलेल्या गाड्या आणखी गुंतागुंतीच्या झाल्यामुळे.

६/
व्हॉल्व्हचेच पाहा. बुलेटच्या जुन्या इंजिनात टॅपेट जुळवायला दोन पाने आणि कान पुरत. केएलआरमध्ये व्हॉल्व्हवर वाटी, वाटीखाली ठरावीक जाडीची चकती. फट बदलली की कॅमशाफ्ट उतरवायचा, चकती काढायची, मोजायची, दुसऱ्या जाडीची घालायची, पुन्हा सगळे जुळवायचे. टायमिंगचा एक दात चुकला तर इंजिनाची वाट. ‘रस्त्याच्या कडेला उघडून बसता येईल’ असे म्हणणाऱ्या किती जणांनी हे काम रस्त्याच्या कडेला केले असेल, याची मला शंका आहे.

७/
दुसरे उदाहरण वजनाचे. ‘मूळ गाडी दीडशे किलोंची होती, आताची दोनशेच्या पुढे गेली, पन्नास किलो चरबी चढवली’ हे वाक्य या वादात हमखास येते. जुन्या माहितीपत्रकात छापलेला आकडा सुमारे १५३ किलोंचा, हे खरेच आहे. मात्र तो कोरड्या गाडीचा आहे. म्हणजे पेट्रोल, तेल, पाणी यांपैकी काही न भरता. नवा आकडा, सुमारे २०७ किलो, हा सर्व भरून चालायला तयार असलेल्या गाडीचा. तेवीस लिटरच्या टाकीतले पेट्रोलच सतरा किलोंच्या आसपास भरते; वर तेल, पाणी वगैरे. वजन वाढले आहेच. पण दोन वेगवेगळ्या तराजूंतले आकडे वजा करून काढलेला फरक म्हणजे होन आणि रुपये एकाच रकान्यात मांडून काढलेली बेरीज.

८/
तेव्हा ‘मूळ गाडी’ म्हणून ज्या गाडीचे गुणगान चालते ती नेमकी कोणती? इथून खरा विषय सुरू होतो. त्यासाठी इंजिनाच्या डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या मागे लपलेल्या बोटभर तुकड्याकडे जावे लागेल.

९/
केएलआर ६५०चा पिस्टन एकच, १०० मिलिमीटर व्यासाचा. एवढा गोळा वरखाली धावू लागला की गाडी हात बधिर करते. तो धक्का मारण्यासाठी इंजिनात दोन बॅलन्सर शाफ्ट दिले आहेत. त्यांवर एका बाजूला जड वजन. पिस्टन एका दिशेला झेपावतो तेव्हा ही वजने विरुद्ध दिशेला जातात. शाफ्ट फिरतात चेनवर. चेन म्हटली की ती झिजणार आणि सैल पडणार. म्हणून सैलपणा घेण्यासाठी एक छोटा लिव्हर आणि त्याला ओढणारी स्प्रिंग. बाहेरून एक बोल्ट थोडा सैल करायचा, स्प्रिंग लिव्हरला ओढून चेन ताणते, बोल्ट पुन्हा आवळायचा. काम पाच मिनिटांचे. कागदावर रचना सुबक आहे.

१०/
प्रत्यक्षात मालकांना दोन गोष्टी आढळू लागल्या. एक, लिव्हर दोन तुकडे जोडून केलेला होता आणि त्या जोडावर तो तडकत असे. दोन, चेन जरा झिजली की स्प्रिंगमध्ये ओढ उरत नसे. काही गाड्यांत ती तुटून खाली पडलेली सापडली. म्हणजे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वेळच्या वेळी बोल्ट सैल करून पुन्हा आवळणारा शिस्तीचा मालक प्रत्यक्षात काहीच ताणत नव्हता. उलट बोल्ट सैल होताच लिव्हर मागे सरकून चेन आणखी ढिली होण्याची शक्यता. लिव्हरचे तुकडे इंजिनात फिरू लागले, किंवा ढिली चेन आवरणावर घासू लागली, तर पुढचा खर्च सेकंडहँड गाडीच्या किमतीच्या जवळ जाई.

११/
हा भाग बघायचा तर डावे झाकण काढा, मॅग्नेट धरून ठेवा, मधला बोल्ट सोडवा, पुलर लावून मॅग्नेट ओढून काढा, आतले दुसरे झाकण काढा. मग तो दिसतो. बाहेरून काहीच कळत नाही. ज्याने हात काळे केले त्यालाच हा दोष दिसला, आणि ज्याला दिसला त्याने दुसऱ्याला सांगितला.

१२/
सांगताना नाव काय घ्यायचे? सुट्या भागांच्या यादीत त्याला रीतसर नाव आहे. पण मालकांनी त्याला ‘डूहिकी’ म्हटले. इंग्रजीत हा शब्द ज्या वस्तूचे नाव ऐनवेळी आठवत नाही तिच्यासाठी वापरतात. आपण ‘ते अमकंतमकं’ म्हणतो तसा. आज या गाडीविषयी ज्याला काहीही ठाऊक आहे त्याला हे ‘अमकंतमकं’ ठाऊक असते. यादीतले नाव क्वचितच कुणी घेते. दप्तरातील नाव एक आणि लोकांच्या तोंडचे नाव दुसरे, हे ज्यांनी गावांच्या आणि किल्ल्यांच्या नावांवर डोके खाजवले आहे त्यांना नवे नाही.

१३/
मग काय झाले? कंपनीने काही केले का? १९८७ पासून २००७ पर्यंत गाडी जवळजवळ त्याच रूपात विकली गेली आणि या रचनेचा गाभाही तोच राहिला. त्या वीस वर्षांत लहान कारखानदारांनी एका अखंड पोलादी तुकड्यातून कापलेले लिव्हर बनवले, अधिक चांगल्या स्प्रिंग काढल्या. पुलर, खास पाने, सूचनांची पाने मालक एकमेकांकडे फिरवत. एखाद्याच्या गॅरेजात शनिवारी चार गाड्या जमत आणि संध्याकाळपर्यंत चौघांची ‘अमकीतमकी’ बदलून होत. २००८च्या नव्या रूपात कंपनीने लिव्हर बदलला. स्प्रिंगविषयी मालकांची तक्रार मात्र त्यानंतरही चालू राहिली.

१४/
आता पहिल्या पक्षाला माझा प्रश्न. तुम्ही ज्या १९८७च्या गाडीची आरती ओवाळता, तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीत लिव्हर कोणाचा आहे? स्प्रिंग कोणाची? मागचा सांगाडा ज्या दोन बोल्टांवर मुख्य चेसिसला टांगलेला असतो ते बोल्ट सामानाच्या ओझ्याने तुटतात म्हणून चेसिसला आरपार भोक पाडून घातलेला जाड बोल्ट कोणी घातला?

१५/
आणि कार्ब्युरेटर? ज्या कार्ब्युरेटरच्या वियोगाने २०२२ पासून इतके अश्रू ढाळले जात आहेत, तो अमेरिकेच्या धूरनियमांत बसवण्यासाठी कारखान्यातून पेट्रोल कमी देणारा असाच येत असे. मालकांनी नीडलखाली दोन बारीक वॉशर घातले, स्लाइडचे भोक थोडे मोठे केले आणि गाडी नीट ओढू लागली. त्या वॉशरांच्या किमतीवरून या उपायाचे नावच ‘बावीस सेंटांची दुरुस्ती’ असे पडले. ओढ्यात गाडी घातली की ती बंद पडत असे, कारण कार्ब्युरेटरची हवेची नळी खाली लोंबकळत असे आणि तिचे तोंड पाण्याखाली गेले की पेट्रोल उतरणे थांबे. मालकांनी नळीला तीन तोंडांचा जोड लावून एक तोंड वर नेले. प्लास्टिकचा जोड आणि वीतभर नळी, एवढेच सामान.

१६/
तेव्हा जी गाडी अलास्कातील डाल्टन महामार्गावर आणि अँडीजच्या घाटांत टिकली ती पुष्कळदा अशी मालकांच्या हाताखालून गेलेली होती. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी हा तिचा कच्चा खर्डा. ‘मूळ रूप’ म्हणून आज जे जपले जाते ते अनेक हातांचे काम आहे, आणि त्यांपैकी बहुतेक हात कंपनीच्या पगारावर नव्हते.

१७/
इथे इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना त्यांनी बखरींवर जी टीका केली तिचा रोख असा होता की घटना घडून गेल्यावर, कुणाच्या तरी आज्ञेवरून वा प्रीत्यर्थ, सोयीने रचलेली कथा आणि घटनेच्या वेळी कामापुरता लिहिलेला कागद यांचे मोल एक नाही. माहितीपत्रक ही कंपनीची बखर आहे. तीत गाडी दरवर्षी पराक्रमी असते. सुट्या भागांची यादी, दुरुस्तीची पुस्तिका, मालकाने झिजलेल्या चेनशेजारी लिहून ठेवलेले किलोमीटर हे अस्सल कागद. गाडीचा इतिहास माहितीपत्रकांवरून लिहिला तर त्यात १९८७, २००८ आणि २०२२ ही तीन सिंहासनारोहणे तेवढी दिसतील, मधली माणसे अदृश्य होतील.

१८/
पण अस्सल कागदालाही प्रश्न विचारायचे असतात, आणि इथे मी मालकांच्या बाजूने असूनही त्यांना मोकळे सोडणार नाही. ज्याचा लिव्हर तुटला त्याने लिहिले. ज्याचा तुटला नाही त्याने कशाला लिहावे? त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की प्रत्येक केएलआरच्या पोटात टाइमबॉम्ब आहे. मूळ लिव्हरवर लाखभर किलोमीटर धावल्याचे सांगणारे मालकही आहेत. बदलून काढलेले लिव्हर पुष्कळदा धडधाकट निघत. बदलले कारण सगळे बदलतात. दोष खरा होता. तो किती गाड्यांत प्रत्यक्ष फुटला, हे अशा टिपणांवरून सांगता येत नाही. लढाईत मेलेल्यांची संख्या एकाच बाजूच्या पत्रांवरून काढू नये, त्यातलाच हा प्रकार.

१९/
आता मालक-कंपनी या जोडीच्या बाहेरचा एक साक्षीदार. अमेरिकेच्या मरीन कोअरला केएलआर ६५० हवी होती, पण पेट्रोलची नको होती. नाटो सैन्यांचे धोरण असे की रणांगणावर शक्यतो एकच इंधन वाहून न्यावे, आणि ते विमानाच्या रॉकेलच्या जातीचे. कॅलिफोर्नियातील हेज डायव्हर्सिफाइड टेक्नॉलॉजीज या संस्थेने केएलआरच्या सांगाड्यात डिझेल इंजिन बसवले; त्या कामात इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाचा सहभाग होता. गाडीचे लष्करी नाव एम१०३०एम१. मोटारसायकलीचे इतके मूलगामी नवे रूप क्वचितच झाले असेल: इंजिनाची जातच बदलली. तरी ‘गाडीचा आत्मा गेला’ अशी हाकाटी त्याबद्दल फारशी ऐकू येत नाही, कारण बदल कशासाठी केला हे सर्वांना कळले होते. गाडी चालवणाऱ्याची गरज समोर होती, त्याप्रमाणे गाडी बदलली.

२०/
हीच कसोटी २००८ला लावू. पुढचे फोर्क ३८ मिलिमीटरचे होते ते ४१चे झाले, आरे जाड झाले, ब्रेक सुधारला, विजेची निर्मिती वाढली, हेडलाइट चांगला झाला. बदल्यात चाकांची वरखाली होण्याची मुभा कमी झाली: आधी पुढेमागे दोन्हीकडे साधारण २३० मिलिमीटर होती, ती पुढे २०० आणि मागे १८५ झाली. शुद्धतावाद्यांनी याला विश्वासघात म्हटले. मला तसे वाटत नाही. ही गाडी घेणारे बहुसंख्य लोक डांबरावर आणि पक्क्या कच्च्या रस्त्यावर, मागे दूधवाल्याचा प्लास्टिकचा क्रेट बांधून, आठ-आठशे किलोमीटर जात होते. मऊ फोर्कवर लादलेली गाडी ब्रेक लावताच नाक खाली घाली. कंपनीने वीस वर्षांनी का होईना, आपली गाडी लोक कशी वापरतात ते पाहिले. त्या पहिल्या वर्षाच्या काही इंजिनांनी तेल पिण्याचा रोग आणला, ही गोष्ट वेगळी; त्यावरही मालकांनीच मोठ्या पिस्टनचा ६८५ सीसीचा उपाय रूढ केला.

२१/
२०१८ नंतर गाडी बंद झाली आणि २०२२च्या आवृत्तीत परतली. फ्युएल इंजेक्शन आले, हवे असल्यास एबीएस आले. पाच गिअर आणि एका सिलिंडरचे जुने इंजिन बव्हंशी तेच राहिले. इंजेक्शनवरून जो गदारोळ झाला त्याला मी फारशी किंमत देत नाही. ला पाझसारखे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत कार्ब्युरेटरचे मिश्रण बिघडते. इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी करते. ज्या गाडीची कीर्ती डोंगर ओलांडण्यावर उभी आहे, तिला हे मिळाले तर गाऱ्हाणे कशाचे?

२२/
‘सेन्सर बिघडला तर रानात काय करणार?’ असा प्रतिप्रश्न येतो. प्रश्न योग्य आहे. पण १९८७च्या गाडीतही इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा होताच, आणि तो गेला तर रानात कोणी तो पान्याने उघडून नीट करत नव्हते. दुसरा जवळ ठेवत किंवा ट्रक शोधत.

२३/
मला खटकते ते दुसरेच, आणि त्यावर पुरेसे भांडण होत नाही म्हणून हा धागा. जुन्या गाडीचा मागचा सांगाडा, ज्यावर सीट आणि सामान बसते, तो बोल्टांनी जोडलेला होता. बोल्ट तुटत, हे वर आलेच. २०२२ मध्ये कंपनीने हा दोष मुळापासून काढला: मागचा सांगाडा मुख्य चेसिसचाच भाग केला. गाडी अधिक ताठ झाली, बोल्टांची कटकट संपली. माहितीपत्रकात ही सुधारणा म्हणून नोंदली आहे आणि चालवताना ती सुधारणाच आहे.

२४/
पण गाडी पडली, मागून धडक बसली, सामानाच्या पेट्यांसकट दगडावर आदळली, तर? आधी वाकलेला मागचा सांगाडा सोडवून दुसरा, जुन्या बाजारातला का होईना, लावता येई. आता वाकली तर चेसिस वाकली. ती सरळ करणे साध्या मिस्त्रीचे काम नव्हे. चेसिस बदलायची म्हणजे तिच्यावर कोरलेला क्रमांक, त्याची सरकारी नोंद, सगळेच आले. विमा कंपनीला गाडी भंगारात काढणे स्वस्त वाटेल. तुटणारा बोल्ट हा दोष होता खरा. त्याच वेळी तो एक दरवाजाही होता, ज्यातून मालकाचा हात आत जात असे. दोष दूर करताना दरवाजाही बुजवला गेला.

२५/
दुसऱ्या पक्षाची, म्हणजे प्रगतीवाल्यांची, चूक इथे आहे. ते प्रत्येक बदल एकाच रेषेवर मांडतात: आधीचे वाईट, नंतरचे चांगले. अखंड लिव्हर आणि अखंड चेसिस हे दोन्ही बदल त्यांना ‘अधिक मजबूत’ या एकाच सदरात दिसतात. वास्तविक पहिल्याने मालकाचे काम वाचवले आणि त्याचा अधिकार शाबूत ठेवला. अखंड लिव्हरही काढता येतो, बदलता येतो. दुसऱ्याने काम वाचवले आणि त्यासोबत अधिकारही नेला. आणि शुद्धतावादी? ते कार्ब्युरेटरच्या गळ्यात पडून रडत राहिले. ज्या ठिकाणी त्यांच्या शंकेत तथ्य होते त्या चेसिसपाशी बोलायला त्यांच्याकडे फारसे उरले नाही.

२६/
आपल्याकडे यातले काय लागू होते? हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली. दीडशे सीसीची, आपल्या बाजारात तेव्हा एकटीच. ती चालली नाही, बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. हिमालयन २०१६ची. म्हणजे भारतीय ड्युअल-स्पोर्टचा इतिहास आत्ताशी लिहिण्याच्या वयात येतो आहे. हिमालयनच्या पहिल्या कार्ब्युरेटरच्या गाड्या, २०१७ नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या, २०२०च्या बीएस-६च्या गाड्या: नावाने एक, आतून वेगवेगळ्या. त्यांतले कोणते भाग कोणत्या वर्षी गुपचूप बदलले, हे माहितीपत्रकात सापडणार नाही. ते माळशेजच्या किंवा ताम्हिणीच्या वाटेवर दुरुस्ती करणाऱ्या, लडाखच्या मोसमाआधी रांगेने गाड्या उघडणाऱ्या मिस्त्रींना ठाऊक आहे.

२७/
दुरुस्तीच्या हक्काचे सरकारी संकेतस्थळ केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. कंपन्यांनी तिथे पुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती द्यावी असा हेतू. चांगलेच आहे. पण तिथे कंपनी जे देईल तेच मिळणार. ‘स्प्रिंगमध्ये ओढ उरत नाही’ हे कुठली कंपनी आपण होऊन लिहील?

२८/
पुण्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी एक वही पाहिली होती. शंभर पानी, कोपरे तेलाने पारदर्शक झालेले. राजदूत, येझदी, बुलेट. कोणत्या गाडीचे ऑइलसील कोणत्या गाडीत बसते. कोणत्या वर्षीचा बुश नरम निघाला. अमुक गिऱ्हाईकाचे ब्लॉक-पिस्टन किती किलोमीटरवर केले. काही नोंदींपुढे फक्त एक फुली. विचारले तर म्हणाले, ‘‘फुली म्हणजे कंपनीचा माल लावला आणि परत आला.’’ गॅरेज हलवताना वही रद्दीत गेली. पेशव्यांच्या सरदारांची दप्तरे पुड्या बांधायला गेली म्हणून आपण हळहळतो. ही वही परवा परवा गेली आणि मी तिचे चार फोटोसुद्धा काढून ठेवले नव्हते.

२९/
म्हणून विनंती. ज्यांच्याकडे हिमालयन, एक्सपल्स, इम्पल्स, किंवा वडिलांची येझदी असेल त्यांनी दुरुस्तीच्या वेळी शेजारी उभे राहावे. निघालेला भाग टाकू नये; डब्यात ठेवून चिठ्ठी लावावी: तारीख, किलोमीटर, कोणत्या वर्षीची गाडी, भाग कंपनीचा की बाहेरचा, निघाला तेव्हा तुटलेला होता की केवळ धास्तीने बदलला. हा शेवटचा रकाना विसरू नये. केएलआरवाल्यांनी तो विसरला म्हणून आज लिव्हरविषयी नीट आकडा काढता येत नाही. मिस्त्रींच्या वहीचे फोटो काढायचे तर त्यांना विचारून, आणि गिऱ्हाइकांची नावे झाकून.

३०/
‘कार्ब्युरेटर चांगला की इंजेक्शन’ यावर खाली प्रतिसादांत भांडण होणार, हे मला ठाऊक आहे. ज्यांना भांडायचे असेल त्यांनी आधी आपली गाडी कोणत्या वर्षीची, किती किलोमीटर झाले आणि आजवर कोणते भाग स्वतःच्या हाताने काढले, ते लिहावे. मी प्रतिसाद त्याच क्रमाने वाचणार आहे.